मंत्रीजींच्या हुकमाचा बाक

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो, अन् मी पार वैतागलेलो आहे. बाक कसा काय वैतागन, असं तुम्ही म्हणान. तुम्ही वर्षानुवर्षं एकाच फळ्याकडं तोंड करून उभे राहा, तुमच्या पाठीवर रोज सहा पोट्टे बसू द्या, त्यातल्या एकानं कंपासचं टोक खुपसून तुमच्या अंगावर स्वतःचं नाव कोरू द्या, अन् मग मले सांगा.

रायपूर राजधानी झालं त्याच साली मी जन्मलो. सरईच्या लाकडाचा आहे मी. सरई म्हणजे आपल्या इकडच्या जंगलातलं ते सरळसोट झाड, ज्याच्यापुढं वाळवी हात टेकते. तात्यापारा मोहल्ल्यातल्या मिस्त्रीनं मले भर गल्लीत रंधा मारला, कारण त्याच्या दुकानात माझी लांबी मावत नव्हती. दोन्हीकडून स्कूटरवाले अडकले. "भैया, ये पलंग हटाओ!" असं ओरडू लागले. जन्मल्या जन्मल्या मले पलंग म्हटलं गेलं. खरं तर मिस्त्रीले माझे दोन छोटे बाक करायचे होते, पण त्याच्या करवतीचे दात गेले अन् तो म्हणाला, "राहू दे, एकच लांब." माझ्यावर सहा जण मावतात ते अशा आळसामुळं. कोणाच्या दूरदृष्टीमुळं नाही.

तिथूनच मले हातगाडीवर टाकून जवळच्या मराठी शाळेत आणलं. शाळेचं नाव मी सांगत नाही. नागपूर, अमरावतीकडून रेल्वेत अन् सरकारी नोकरीत आलेल्या लोकांनी ती कधीकाळी काढली. आता तिथं मास्तर मराठीत विचारतात अन् पोट्टे हिंदीत उत्तर देतात, दोघांचंही भागून जाते.

सुरुवातीची वर्षं माझी बरी गेली. नव्या लाकडाचा वास यायचा. पहिल्या दिवशी एका बाईंनी माझ्यावरून हात फिरवला अन् म्हटलं, "किती गुळगुळीत आहे हो!" तेवढीच काय ती माझी आयुष्यातली स्तुती. नंतर मी फक्त "ए, बाकावर पाय नको ठेवू" या वाक्यात यायचो.

आता आमच्या शाळेचं व्यसन सांगतो. पाटीचं व्यसन. राजधानी व्हायच्या आधी गॅदरिंगले प्रमुख पाहुणा म्हणून बँकेचा मॅनेजर मिळाला तरी हेडमास्तर पेढे वाटायचे. राजधानी झाली अन् गल्लोगल्ली मंत्री, सचिव, अध्यक्ष, उपाध्यक्ष सांडले. आमचे हेडमास्तर पांडुरंग सर हरखून गेले. त्यांनी रिवाजच पाडला. पाहुणा माईकवर जे बोलन, ते पितळी पाटीवर कोरायचं अन् शाळेत ठोकायचं. एक पाहुणे म्हणाले, "निंबाची सावली छान आहे." निंबाले पाटी ठोकली. एक पाहुणे नळाचं पाणी प्यायले अन् "वा, ठंडा है" म्हणाले. नळावर पाटी लागली, 'माननीयांनी या जलाची प्रशंसा केली.' तो नळ आता कोरडा आहे. पाटी भैय्यालाल रोज चिंचेनं घासते. भैय्यालाल आमचा शिपाई. त्याचा अर्धा दिवस पाट्या चमकवण्यात जाते अन् अर्धा सरांच्या हाकेले ओ देण्यात.

मग दिल्लीतल्या मोठ्या लोकांनी कायदा केला. गरिबाच्या लेकरांले प्रत्येक खाजगी शाळेनं जागा द्यायची, फी न घेता, बाकीच्यांच्या बरोबरीनं. मले खरंच बरं वाटलं, मित्रांनो. म्हटलं, चला, नवीन पोट्टे येतीन, नवीन नावं कोरतीन.

आले. तलावामागच्या वस्तीतले होते. दप्तरं नवी, चपला धुतलेल्या. त्यांच्यात एक ममता होती. काळीसावळी, बारीक, डोळे सारखे फळ्याकडं. तिचा बाप नरेश सदर बाजाराच्या तोंडाशी गुपचुपचा ठेला लावते. गुपचुप म्हणजे तुमची पाणीपुरी. आमच्या शाळेतलं एकही पोरगं असं नसन ज्यानं नरेशच्या हातचं गुपचुप खाल्लं नाही. पांडुरंग सर तर "भैया, एक सूखा और देना" म्हणून उभे राहायचे.

पण त्याची पोरगी शेजारी बसवायची म्हटलं तर मात्र सगळ्यांच्या पोटात दुखू लागलं. काही आई-बाप येऊन हळू आवाजात बोलून गेले. 'संस्कार', 'लेव्हल', 'भाषा' असे शब्द माझ्या कानावर आले. दुसऱ्या दिवशी पांडुरंग सरांनी त्या सगळ्या लेकरांले शाळेमागच्या टिनाच्या शेडमध्ये बसवलं. तिथं आधी तुटके बाक ठेवायचे. शेडले नाव दिलं 'विशेष विकास वर्ग'. अन् अर्थातच, पाटी.

कौमुदी मॅडम पाचवीले होत्या. त्या सरांकडं गेल्या.

"सर, हे बरोबर नाही. पोरांले वेगळं नाही बसवता येत."

"वेगळं कुठं आहे मॅडम? विशेष आहे. शाळा एक, गेट एक, हजेरी एक. खोलीही एकच पाहिजे असं कायद्यात कुठं लिहून आहे?"

"लिहून आहे सर. नियमांमध्ये आहे."

"मी अजून त्या पानापर्यंत पोचलो नाही," सर म्हणाले, अन् चहा प्यायले.

तपासणी आली की खरी मजा व्हायची. म्हणजे त्यांची. माझी कंबर मोडायची. साहेबाची गाडी गेटात दिसली की सर ओरडायचे, "भैय्यालाल, मिसळ बे!" भैय्यालाल शेडमधले पोट्टे हाकत आणायचा अन् एकेकाले एकेका बाकावर खुपसायचा. साहेब डोकावून "बहुत बढ़िया" म्हणायचे, समोसा खायचे, जायचे. गाडी वळली की सर म्हणायचे, "भैय्यालाल, निवड!" जसे काही ते डाळीतले खडे होते.

ममता नेहमी माझ्यावर यायची. अगदी टोकाशी. अर्धी बसलेली, अर्धी उभी, दप्तर मांडीवर, बसस्टँडवर बसल्यासारखी. शेजारी स्वरदा असायची, मंत्रालयात नोकरी करणाऱ्या शर्मिष्ठाताईंची मुलगी. स्वरदा भयंकर बडबडी. एकदा तिनं विचारलं, "तू इतनी किनारे क्यों बैठती है?"

"अभी उठना है ना," ममता म्हणाली.

मी लाकूड आहे, मित्रांनो. पण तेवढ्यापुरतं मले वाटलं, आपल्याले वाळवी लागली असती तर बरं झालं असतं.

एका वर्षी दिल्लीहून एक मोठे मंत्री येणार असं ठरलं. शालिग्रामजी. ते देशभर फिरून 'एक शाळा, एक देश' अशी भाषणं द्यायचे. पांडुरंग सरांले तीन रात्री झोप आली नाही. केवढी मोठी पाटी होईल!

कौमुदी मॅडमनं नाटक सुचवलं. अमेरिकेतली खरी गोष्ट. तिथं काळ्या लेकरांच्या शाळा वेगळ्या अन् गोऱ्यांच्या वेगळ्या होत्या. सगळ्यात मोठ्या कोर्टानं सांगितलं, हे चालणार नाही. तरी एका राज्याचा गव्हर्नर शाळेच्या दारात शिपाई उभे करून बसला. शेवटी त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षानं फौज पाठवली, अन् बंदुकवाल्या सैनिकांच्या मधून चालत ती लेकरं वर्गात गेली.

सर खूश. "उत्तम! अमेरिकेचं आहे म्हणजे आपल्याकडं कोणाले राग यायचं कारण नाही. आपल्याकडं असं काही नाहीच."

हे बोलताना ते खिडकीत उभे होते. खिडकीतून शेड दिसत होतं.

मॅडमनंही तिकडं पाहिलं. फक्त म्हणाल्या, "त्या लेकरांतल्या मुलीच्या भूमिकेले ममता घेते."

"घ्या ना! रंग लावायची भानगड नाही," सर म्हणाले. ममता दारातच होती. तिनं ऐकलं. मान खाली घातली नाही तिनं, उलट सरांकडं असं पाहिलं की सरांनी खिडकी बंद केली.

तालमी माझ्यावर चालायच्या, कारण नाटकात वर्ग म्हणजे मीच होतो. पाचवीतलेच आमचे स्वानंद महाराज राष्ट्राध्यक्ष झाले. साबणाचा डबा कानाले लावून फोनवर हुकूम द्यायचा एवढंच त्यांचं काम, पण कोट घालून ते घरापासून 'राष्ट्राध्यक्ष' म्हणूनच यायचे. सैनिक म्हणून स्काउटचे पोट्टे घेतले. एकाचा पट्टा रोज सुटायचा, त्यामुळं एका हातानं चड्डी अन् एका हातानं बंदूक धरून लोकशाहीचं रक्षण चालायचं. गव्हर्नर केलेला गौतम अंगानं दांडगा पण स्वभावानं गोगलगाय. "ये लड़की अंदर नहीं बैठेगी!" हे त्याले रागानं म्हणताच येईना. तो म्हणायचा, "ये लड़की अंदर नहीं बैठेगी, सॉरी."

एके दिवशी तालीम संपल्यावर ममतानं मॅडमले विचारलं, "मैडम, वो लड़की बाद में भी बैठी क्या? कि नाटक जैसा, एक दिन?"

"बाद में भी बैठी बेटा. तकलीफ खूप दिली तिले लोकांनी, पण बसली."

"रोज?"

"रोज."

"हव," ममता म्हणाली. अन् त्या दिवशी पहिल्यांदा तिनं दप्तर मांडीवरून खाली ठेवलं. मले तेव्हाच समजलं की या पोरीले नाटकात काम नाही पाहिजे. हिले जागा पाहिजे.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. मले स्टेजवर चढवताना भैय्यालालनं माझं टोक थेट पांडुरंग सरांच्या पायावर ठेवलं. तो दिवसभरातला माझा एकमेव आनंद.

शालिग्रामजी उशिरा आले. येताना कोणाकडं तरी भरपेट जेवून आले होते. हारतुरे झाले, दिवा लागला, अन् नाटक सुरू झाल्या झाल्या त्यांची हनुवटी छातीवर टेकली. पहिल्या रांगेत, सोफ्यावर, गाढ. मी समोरच होतो. मले त्यांच्या घशातला आवाज ऐकू येत होता. पोट्ट्यांले वाटलं माईक खरखरून राहिला.

नाटक बरं चाललं होतं. ममता हातात पुस्तकं घेऊन माझ्याकडं आली. गौतम वाटेत आडवा झाला. सॉरीची सवय जावी म्हणून मॅडमनं त्याले सांगून ठेवलं होतं, जोरात ओरड. अन् त्या एका दिवशी गौतमच्या अंगात काय शिरलं कोण जाणे. तो असा गरजला की बाहेरच्या निंबावरचे कावळे उडाले.

"ये लड़की अंदर नहीं बैठेगी!"

शालिग्रामजी दचकून जागे झाले. समोर काय? एक दांडगा पोरगा, एक घाबरलेली पोरगी, शाळेचा बाक. ते तडक स्टेजवर चढले अन् त्यांनी माईक ओढला.

"कौन बोला? किसने रोका बच्ची को? मेरे रहते हुए?"

गौतम जागच्या जागी भोकाड पसरून रडायला लागला. "सॉरी अंकल, सॉरी अंकल!"

"सुन लीजिए सब लोग! ये बच्ची यहीं बैठेगी! इसी बेंच पर! आज से, रोज, सबके साथ!"

टाळ्यांचा असा कडकडाट की शेडचं टिन वाजलं. कॅमेरे चमकले. सैनिकानं टाळ्या वाजवायले दोन्ही हात वर केले अन् त्याची चड्डी घसरली, पण त्या धामधुमीत कोणी पाहिलं नाही. राष्ट्राध्यक्ष स्वानंद साबणाचा डबा घेऊन विंगेतून बाहेर आला अन् मंत्रीजींच्या कुर्त्याले ओढू लागला.

"अंकल, ये मेरा डायलॉग था."

मंत्रीजींच्या सेक्रेटरीनं घाईघाईनं त्यांच्या कानात सांगितलं, साहेब, हे नाटक आहे. मी जवळच होतो, मंत्रीजींचा चेहरा मले नीट दिसला. एक क्षण तो पार उतरला. मग टाळ्या अजून चालूच आहेत हे त्यांनी पाहिलं, अन् हात आणखी वर केला.

ममता तोपर्यंत माझ्यावर बसली होती. मधोमध.

नाटक संपलं. पडदा पडला, तोही अर्धाच, कारण दोरी अडकली. भैय्यालाल आला. "चल बेटी, उठ, निवडायचं आहे."

"मैं नइ उठंव," ममता म्हणाली. "मंत्रीजी बोलिस हे. रोज."

तिनं माझी कड दोन्ही हातांनी इतकी घट्ट धरली होती की मले तिची नखं लागत होती. कोर म्हटलं पोरी, लागेल तेवढं कोर.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. 'नेत्याचा भर सभेत ऐतिहासिक आदेश.' पांडुरंग सरांनी तो फोटो पाहिला अन् खुर्चीत बसले. मग उठले. पुन्हा बसले.

"मॅडम, हे तुम्ही काय करून ठेवलं?"

"मी? मी झोपले नव्हते सर."

आता आदेश तर पाळावा लागणार. पेपरात आलेला आहे. पण पांडुरंग सरांची बुद्धी अशा वेळी फार चालते. आदेश कोणाबद्दल? ह्या पोरीबद्दल. कोणत्या बाकाचा? ह्या बाकाचा. झालं. शेडमधल्या बाकीच्या लेकरांबद्दल मंत्रीजी काही बोलले नाहीत. मग माझ्या छातीवर पितळी पाटी ठोकण्यात आली. चार स्क्रू, मित्रांनो, सरईच्या लाकडात, भूल न देता. 'माननीय शालिग्रामजी यांच्या शुभादेशाने.' मले पाचवीच्या वर्गात एका बाजूले ठेवलं, पॉलिश केलं, अन् सरांनी फर्मान काढलं की पाटी खराब होईल म्हणून ममताशिवाय कोणी माझ्यावर बसायचं नाही.

काय अवस्था झाली पाहा. सहा जणांचा बाक, त्यावर एकटी पोरगी. आधी ती शेडमध्ये सात-आठ जणांबरोबर वेगळी होती. आता ती भर वर्गात, माझ्या पाटीसकट, एकटी वेगळी. पाहुणे तिले पाहायले यायचे. "यही है वो बच्ची?" तिच्यासोबत फोटो काढायचे. ती फळ्याकडं पाहायची तर समोर पाहुण्याचं पोट असायचं.

स्वरदा एक दिवस सरळ येऊन तिच्याशेजारी बसली. सरांनी हाकललं. पुन्हा बसली. सरांनी पुन्हा हाकललं.

"सर, मंत्रीजींनी 'सबके साथ' म्हटलं होतं," स्वरदा म्हणाली.

"ते टाळ्यांसाठी असते बेटा."

मग तो दिवस आला. सरांच्या मनात आलं की माझ्यामागच्या भिंतीवर शालिग्रामजींचा फोटोही पाहिजे. शिडी कुठं आहे म्हणाले. शिडी निंबाच्या पाटीशी गेली होती. मग सर स्वतः माझ्यावर चढले, पॉलिशवर, नुसत्या मोज्यांवर. मी इतकी वर्षं लेकरांचं वजन पेललं आहे, पण लेकरं असं एकाच टोकाशी उभं राहून चवड्यांवर उड्या मारत नाहीत. माझा डावा पाय कडाकडा मोडला. सर खाली, खिळा खाली, फोटो त्यांच्या डोक्यावर. शालिग्रामजींच्या चौकटीतून सरांचं तोंड बाहेर आलं. सगळा वर्ग हसला, ममताही. सरांनी पाहिलं ते तिचंच हसणं.

पंधरा मिनिटांत निकाल लागला. "आदेश बाकाचा होता. बाक मोडला. म्हणजे आदेशही संपला. ममता, शेड."

"सर, दुसऱ्या बाकावर बसन ना ती!" कौमुदी मॅडम म्हणाल्या.

"दुसऱ्या बाकाचा आदेश नाही मॅडम."

ममतानं दप्तर उचललं. रडली नाही. दारात थांबली अन् स्वरदाले म्हणाली, "एक दिन से जादा तो हो गया ना." अन् गेली. मले त्या वेळी सरांचा दुसराही पाय सापडला असता तर मी आणखी एकदा मोडलो असतो.

आता इथं मले वाटलं होतं की माझी गोष्ट संपली. मोडका बाक कुठं जाते? शेडमध्येच. पण भैय्यालाल यायच्या आत स्वरदा उठली.

"आदेश क्या था? इसी बेंच पर, सबके साथ. है ना?"

"हव," स्वानंद म्हणाला. तो अजून स्वतःले राष्ट्राध्यक्षच समजायचा.

"बेंच शेड में जाएगा ना? तो सब बेंच के साथ चलो."

पाचवीच्या पोट्ट्यांनी मले उचललं. पुढं स्वानंद अन् गौतम, मागं पोरी. मी उभ्या आयुष्यात इतका वाकडा चाललो नव्हतो. शेडमध्ये नेऊन त्यांनी माझ्या तुटक्या पायाखाली विटा लावल्या, ममताले मधात बसवलं, अन् मग जे जे मावले ते माझ्यावर अन् बाकीचे शेडमधल्या लेकरांजवळ सतरंजीवर.

कौमुदी मॅडम डस्टर घेऊन मागोमाग आल्या. सर धावत आले.

"मॅडम, हा काय प्रकार आहे?"

"आदेश पाळून राहिले सर. 'सबके साथ' पेपरात छापलेलं आहे. तुम्ही लेखी द्या की मंत्रीजींचा आदेश मोडा म्हणून, मी लगेच सगळ्यांले परत नेते."

सर लेखी कधीच काही देत नाहीत. परत गेले. रिकाम्या वर्गात पंखे फिरत राहिले.

एप्रिल होता, मित्रांनो. रायपूरचा एप्रिल अन् वर टिन. दुपारी शेड म्हणजे तवा. माझी पॉलिश वितळून पोरांच्या चड्ड्यांले चिकटली. शेडमधली जुनी लेकरं नव्यांले शिकवू लागली, ओला रुमाल मानेवर कसा ठेवायचा, दुपारी कोणत्या कोपऱ्यात सरकायचं. "तुमन रोज अइसने बइठथव?" असं छत्तीसगढीत विचारायचा प्रयत्न गौतमनं केला तेव्हा सगळे हसून हसून लोळले. पण 'तुम्ही रोज असेच बसता?' हे विचारून झाल्यावर त्यानं शेजारच्या पोराले सावलीच्या कोपऱ्यात जागा करून दिली.

तिसऱ्या दिवशी शर्मिष्ठाताई आल्या. स्वरदाच्या अंगावर घामोळं उठलं होतं. शेडच्या दारात त्या उभ्या राहिल्या अन् त्यांचा आवाज टिनाच्याही वर गेला.

"ही काय शाळा आहे का भट्टी? इथं कोणी जनावर तरी बांधन का? माझ्या मुलीले आत्ताच्या आत्ता आत घ्या!"

पांडुरंग सर हात जोडून उभे. "हो ताई, घेतो ताई, लगेच."

"कोणाकोणाले घ्यायचं ताई?" कौमुदी मॅडमनं विचारलं. आवाज अगदी साधा. "तुम्हीच सांगा. ही पोरं इथंच असतात. कायदा झाला तेव्हापासून."

शर्मिष्ठाताईंनी आत पाहिलं. स्वरदा अन् ममता एकाच बाटलीतून पाणी पिऊन राहिल्या होत्या, अन् कोणी जास्त घोट घेतला यावरून भांडण चालू होतं. पहिल्यांदा हळू आवाजात 'लेव्हल' म्हणून गेलेल्या या ताईच होत्या. मी ओळखलं होतं. मले वाटते त्यांनीही स्वतःले ओळखलं.

"माझ्या मुलीले..." त्या म्हणाल्या, अन् थांबल्या. मग एकदम चिडल्या. कोणावर ते त्यांलेही कळलं नसन. "अहो सगळ्यांले घ्या ना! काय माणसं आहात तुम्ही! सगळ्यांले!"

अन् सगळे वर्गात गेले. असं झालं पाहा. भाषणानं नाही, आदेशानं नाही. एका घामाघूम आईच्या वैतागानं.

पण खोटं कशाले बोलू? दिल्लीतल्या त्या लोकांनी कायदा केला नसता, तर ममता शेडपर्यंतही आली नसती. ती गेटाबाहेर बापाच्या ठेल्याशी उभी राहून आमच्या पोट्ट्यांले गुपचुपच्या प्लेटा देत असती. अन् शालिग्रामजी झोपेतून उठून जे बोलले, तेही कामाले आलं, हे मी नाइलाजानं कबूल करतो. तिकडं अमेरिकेतही राष्ट्राध्यक्षानं फौज दारापर्यंतच नेली असन. आत बाकावर शेजारी कोण बसन, कोण उठून जाईल, हे फौजेले थोडंच ठरवता येते!

आता मी पुन्हा पाचवीत आहे. तुटका पाय पुन्हा त्याच मिस्त्रीनं बसवला, तो थोडा आखूड झाला आहे म्हणून मी डुलतो. बाक कमी अन् पोट्टे जास्त, म्हणून माझ्यावर आता सात बसतात. कालची गोष्ट सांगतो. गणिताचा तास होता. ममतानं स्वरदाले कोपर मारलं.

"ए, सरक ना. पूरी जगह तू ही लेगी क्या?"

"तू सरक. तू मोटी हो गई है."

"मैं नहीं सरकती. मेरी जगह है."

मॅडमनं दोघींले उभं केलं. मले इतकं बरं वाटलं की मी डुललो, अन् टोकाले बसलेला गौतम धप्पकन खाली पडला. "सॉरी," तो मलेच म्हणाला.

म्हणून तुम्हाले माझी एवढीच विनंती आहे, मित्रांनो. मले पॉलिश करू नका. माझ्यावर पाट्या ठोकू नका. कंपासनं कोरलं तरी मी काही म्हणणार नाही. पण कोणी नवीन पोरगं दारात दप्तर घेऊन उभं दिसलं, तर कोणाच्या आदेशाची वाट पाहू नका. मी लाकडाचा आहे, मले जागचं हलता येत नाही. तुम्हाले येते.

सरका.